पाणी पिऊन ओळख देणारे चाचा

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या घरात आई आणि मी अशी दोनच माणसं होतो. वडील त्याच्या आधीच गेले होते. त्यांच्या वाट्याची ओढ्याकाठची जमीन आईच्या नावावर लागली होती, पण त्या जमिनीचा तेव्हा काही उपयोग नव्हता. विहिरीत बाभळीचा वाळका पाला पडलेला असायचा आणि दगड टाकला तर खडकावर आपटल्याचा आवाज यायचा. आई खडी फोडायच्या कामावर जायची. सकाळी निघताना हाताला चिंध्या गुंडाळायची आणि संध्याकाळी त्या सोडवताना माझ्याकडे पाठ करून बसायची. घरात मिलोची, म्हणजे रेशनवरच्या परदेशी ज्वारीची लाल भाकर. कामावर सुकडी मिळायची, ती आई स्वतः खायची नाही, पदरात बांधून आणायची. "कामावरच खाल्ली म्या," असं रोज सांगायची. ते खोटं आहे हे मला कळत होतं आणि तरी मी खात होतो, कारण भूक लागलेली असायची.

मी मॅट्रिक झालो होतो. आमच्या भावकीत तोवर कुणी मॅट्रिकच्या वर्गापर्यंतही पोचलं नव्हतं. आईचं म्हणणं एकच होतं, "तू खडी फोडायची न्हाय." कॉलेज तालुक्याच्या गावाला. रोजचं जाणं-येणं परवडण्यासारखं नव्हतं, म्हणून खोली बघायला लागलो. लोक आधी नाव विचारायचे, मग गाव, मग गावात राहायला कुठल्या बाजूला. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर दिलं की खोली आदल्या दिवशीच कुणालातरी देऊन झालेली असायची.

मग स्टॅम्पव्हेंडरच्या टेबलावर बसणाऱ्या एकानं सांगितलं, रजिस्ट्री हापिसापाशी एक म्हातारा बसतो, त्याच्या घरामागं पत्र्याची खोली आहे, जरा तऱ्हेवाईक आहे पण विचारून बघ. मी गेलो. चिंचेखाली उकिडवे बसलेले, डोक्यावर जुनी तुर्की टोपी, अंगात कोपरावर ठिगळ लावलेली शेरवानी, उन्हातही नाही आणि सावलीतही नाही अशी उघडलेली छत्री. त्यांनी मला नाव विचारलं नाही. गाव विचारलं. मग म्हणाले, "तुमच्या घरी पाणी मिळंल का?"

मला वाटलं थट्टा करतायत. दुष्काळ होता, आमच्या गावाला टँकर यायचा.

"मिळंल की," म्हणालो.

"मग येतो. पाणी पितो, मग बघू खोलीचं."

तालुक्यात त्यांना सगळे चाचा म्हणत. निजामाच्या राज्यात ते कचेरीत मुन्शी होते. राज्य गेलं, उर्दू गेली, नोकरी गेली. पण ते कचेरीच्या आवारातून हलले नाहीत. रजिस्ट्री हापिसात जमिनीचा दस्त होताना लिहून देणारा माणूस तोच आहे, हे सांगायला दोन साक्षीदार लागतात. साहेबासमोर उभं राहून म्हणायचं, मी याला ओळखतो, आणि सही करायची. झाडाखाली असं म्हणणारे बरेच असायचे. एक कप चहावर कुणालाही जन्मापासून ओळखणारे. चाचांचं तसं नव्हतं. ज्याच्या घरचं पाणी पिलं त्यालाच ते ओळख द्यायचे. दस्त करायचा असेल त्यानं आठवडाभर आधी सांगायचं, चाचा छत्री घेऊन त्याच्या गावी जाणार, त्याच्या घरी बसणार, पाणी मागणार, आणि परत येणार. चहा नको, जेवण नको. मग दस्ताच्या दिवशी साहेबाला सांगणार, "पाणी पिलोय, ओळखतो." एवढंच. त्यावर आजवर कुठल्या साहेबानं दुसरा प्रश्न विचारला नव्हता.

त्यांचे सख्खे मेहुणे एकदा दस्ताला आले होते. चाचांनी ओळख द्यायला नकार दिला. मेहुणे चिडले, "तीस वर्सं तुमची बहीण माझ्या घरात नांदतीय." चाचा म्हणाले, "तुमच्याकडं आलो की सरबत देता, पाणी कधी दिलं न्हाय." शेवटी मेहुण्यांनी शेजारच्या हॉटेलातनं पाणी आणून दिलं, तर चाचा म्हणाले, हॉटेलचं पाणी हॉटेलवाल्याचं. मेहुण्यांना परत गावी जावं लागलं आणि चाचांना त्यांच्या मागोमाग. बहिणीनं तांब्या समोर आदळला म्हणतात.

तेरखेड्याचा एक दारूकाम करणारा होता. फटाक्याची दारू कुटताना उडाली आणि दोन्ही हातांची बोटं गेली, अंगठ्यांसकट. अंगठा उठवायचा कसा म्हणून साहेब अडून बसले. चाचा पुढं झाले. "अंगठा न्हाय साहेब, पण त्याच थोट्या हातांनी त्यानं मला तांब्या उचलून दिलाय. माणूस तोच हाय." साहेबांनी शेरा मारून दस्त केला. हे चाचा मला दर महिन्याला एकदा तरी सांगायचे, आणि दरवेळी त्यात तांब्या आणखी जड व्हायचा.

दुष्काळातही त्यांनी नियम सोडला नाही. लोक म्हणायचे, म्हातारा निर्दयी आहे, घोटभर पाण्यासाठी माणसं कोसभर चालतात आणि हा पाहुणचार मागतो. पण ते ओठ ओले करायचे आणि भांडं परत द्यायचे, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आमच्या घरी आले ते भर दुपारी. एस.टी.तून उतरून वस्तीपर्यंत चालत. आमच्या वस्तीत टोपीवाला पाहुणा आला म्हणून दारात माणसं जमली. माझा चुलताही आला. चुलता वडिलांचा धाकटा भाऊ, बोलायला गोड, हसला की समोरचा हसायचाच. आई पाणी घेऊन बाहेर आली तसे चाचा झटकन वळले आणि भिंतीकडं तोंड करून बसले. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. तिच्याकडं बघत ते आईशी बोलले. बाईमाणसाच्या तोंडाकडं ते बघत नसत. कुठल्याच. म्हातारी असो, पोर असो, अगदी झाडूवाली असो. तो त्यांचा अदब. हात मागं करून त्यांनी भांडं घेतलं. घरातला तांब्या त्याआधीच विकला होता, म्हणून आईनं जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पेल्यात पाणी दिलं होतं. चुलता हसून म्हणाला, "पाव्हण्याला जर्मनच्या पेल्यात पाणी देतीस व्हय वैनी? लाज आणलीस." चाचांनी ओठ ओले केले, पेला मागं धरला आणि तसबिरीला म्हणाले, "बाई, तुमचा मुलगा उद्यापासनं माझ्याकडं."

ते गेल्यावर आई म्हणाली, "चांगला हाय माणूस. पर सगळं बोलणं भिंतीशीच केलं की."

चाचा एकटेच राहायचे. बायको कधीची वारली होती. सकाळी दाढी करायला बसले की आधी आरशात बघून स्वतःचं संपूर्ण नाव, बापाचं नाव, धंदा, राहणार अमुक, वय अंदाजे पन्नास, असं सगळं कोर्टात सांगावं तसं मोठ्यानं सांगायचे आणि मगच साबण लावायचे. वय दरवर्षी अंदाजे पन्नासच असायचं. मी पत्र्याच्या खोलीत इंग्रजीच्या कविता पाठ करायचो. ते दारात येऊन म्हणायचे, "जोरसे बोल बाबा, काय कळत न्हाय, पर चांगलं वाटतं." आई बाजाराच्या दिवशी भाकरी घेऊन यायची. आत यायची नाही, ओट्याच्या पायरीवर बसायची. चाचा आतून, दाराच्या फळीला तोंड लावल्यासारखे, विचारायचे, "खैरियत हाय ना बाई?" आणि पदराआडून आई म्हणायची, "हाय की." दोघांचं बोलणं वर्षानुवर्षं एवढंच झालं.

पाण्याचं एवढं काय, असं मी एकदा विचारलं. तेव्हा ते जे बोलले ते एकदाच बोलले. निजामाचं राज्य गेलं त्या गडबडीच्या दिवसांत ते एका खेड्यात अडकले होते. तरणे होते, अंगावर कचेरीचे कपडे. काही माणसांनी त्यांना पाराजवळ बसवलं आणि विचारलं, ह्याला कोण ओळखतं? गावातली ओळखीची माणसं तिथंच उभी होती. वसुलीला गेल्यावर ज्यांच्या ओसरीवर ते बसत होते ती. एकही बोललं नाही. मग आमच्यासारख्याच वस्तीतली एक म्हातारी पुढं आली. ती म्हणाली, "म्या वळखते. माझ्या घरचं पाणी पिलंय ह्यानं." कचेरीतल्या कुणी तिच्या घरचं पाणी पिणं ही तेव्हा गोष्टच होती, तीही अख्ख्या गावाला माहीत असलेली. त्या माणसांनी चाचांना सोडलं. "दुसऱ्यांना सोडलं न्हाय," एवढं म्हणून चाचांनी विडी पेटवली.

तेव्हा मला कळलं की 'ओळखतो' हा शब्द त्यांच्यासाठी काय होता.

दुष्काळ हटला तरी कामं चालूच होती. आमच्या ओढ्याच्या वरच्या अंगाला पाझर तलाव झाला. त्यावर माती टाकायला आईही होती. एक पावसाळा बरा गेला, तलाव भरला आणि खाली आमच्या विहिरीला पाणी लागलं. ज्या विहिरीत दगड वाजत होता तिथं आता बादली बुडत होती. गावात सोसायटी होती, ऊस लावायची चर्चा सुरू झाली होती, आणि आमच्या ओढ्याकाठच्या तुकड्याकडं माणसं थांबून बघायला लागली. आईला त्याचं सुख करायला सवड नव्हती. मोट नव्हती, बैल नव्हते. ती दुसऱ्या कामावर लांब गेली, अणदूरच्या पलीकडं. तिथंच पालं टाकून बायका राहायच्या. माझं कॉलेज निघावं म्हणून.

ती परत आली तेव्हा तिच्या रानात दुसऱ्याची बैलं नांगर ओढत होती. सोसायटीच्या चेअरमनची. आई बैलांपुढं जाऊन उभी राहिली. गडी म्हणाला, "काकू, तुम्हीच तर इकली. तुमच्या दिरानं नेलतं की तुमाला तालुक्याला."

आई तशीच चालत तालुक्याला आली. पायरीवर बसली नाही. दारासमोर उभी राहिली. चाचा नेहमीसारखे आत, पाठमोरे.

"चाचा, म्या कवा आलते तुमच्या हापिसात?"

"आलतीस की बाई, दीर होता संगं. जमिनीच्या दस्ताला. म्या इचारलं, मला पाणी कशात दिलतंस, तर तू म्हणालीस जर्मनच्या पेल्यात."

"म्या न्हवते, चाचा."

पदर पुढं ओढलेल्या बाईला ते हाच एक प्रश्न विचारायचे, पाणी कशात दिलं. बाईचं तोंड बघायचं नाही आणि ओळख तर द्यायची, त्यावर त्यांनी काढलेली ती तोड होती. इतकी वर्षं ती चालली होती. तो पेला आमच्या दारात जमलेल्या अर्ध्या वस्तीनं बघितला होता, आणि चुलत्यानं तर त्यावरून आईला हिणवलं होतं. दुसऱ्याच्या दस्ताची गोष्ट चाचा घरी काढत नसत, म्हणून मलाही काही कळलं नव्हतं.

फिर्याद दिली. तोतयेगिरीचा गुन्हा लागला, चुलत्यावर आणि त्या बाईवर. बाई सापडली, कर्नाटकाच्या बाजूची, खडीच्या कामावरचीच. चुलत्यानं तिला लुगडं आणि पोत्यानं धान्य कबूल केलं होतं, ते पुढं कळलं. पण पोलिसांपुढं दोघांनीही कानावर हात ठेवले. चुलता म्हणाला, वहिनीच आली होती, आता जमिनीला पाणी लागल्यावर पोटात दुखायला लागलंय. आणि चेअरमन म्हणाला, आपण सरळ व्यवहार केला, रजिस्ट्रीतून केला, ओळख देणारा कोण ते बघा.

आमच्याकडं दाखवायला काय होतं? मी तेव्हा शिकत होतो, मला वाटलं अंगठा आहे ना, दस्तावरचा अंगठा आणि आईचा अंगठा पुण्याला ठशांच्या तज्ज्ञाकडं पाठवला की झालं. पाठवले. दोघींचेही. उत्तर आलं की रेषा उमटत नाहीत. दोघीही खडी फोडणाऱ्या. दोघींच्याही अंगठ्यांना रेषा राहिल्या नव्हत्या. मग आम्ही म्हणालो, त्या दिवशी आई कामावर होती, मस्टरला, म्हणजे हजेरीच्या वहीत, नाव आहे. चुलत्याचा वकील भर कोर्टात हसला. म्हणाला, या मस्टरवर मेलेली माणसंसुद्धा खडी फोडतात साहेब, हिची एकटीची काय कथा. कोर्टही हसलं. ते खरंही होतं, मुकादमानं कितीतरी खोटी नावं घातली होती.

तेव्हा सगळं येऊन थांबलं चाचांवर. ज्यांचा शब्द तालुक्यात कधी खोटा पडला नव्हता, त्यांनी कोर्टात म्हणायचं, दस्ताला आली होती ती हीच, माझ्या भाडेकरूची आई, मी हिच्या घरचं पाणी पिलोय. एवढ्यानं जमीन गेली असती. एवढंच नाही, आईवरच उलटं प्रकरण झालं असतं, खोटी फिर्याद दिली म्हणून. मग कॉलेजही गेलं असतं आणि आई तुरुंगात.

चुलता एकदा चाचांच्या घरी आला, चेअरमनचा माणूस बरोबर. मी आत होतो. त्यानं चाचांना काही देऊ केलं नाही, धमकीही दिली नाही. त्याला माणूस कळायचा. तो फक्त म्हणाला, "चाचा, तुमी आजवर कवा चुकलात का? न्हाय. मग आत्ताच कशे चुकाल? तुमी तुमच्या शब्दावर ऱ्हावा, बास. न्हायतर लोक म्हणतील, आजवर ह्या म्हाताऱ्यानं किती खोट्या माणसांना वळख दिली आसंल." त्या दिवसापासून सकाळी आरशासमोर त्यांचं नाव सांगणं बंद झालं. दाढीही वाढली.

मला बोलायचं होतं. मी बोललो नाही. ज्याच्या पत्र्याखाली राहतो त्याला तुमची अब्रू टाका आणि माझ्या आईची वाचवा, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? आई मात्र बाजाराच्या दिवशी आली, पायरीवर बसली, भाकरी ठेवली. आतून प्रश्न आला नाही. तिनंच विचारलं, "बरं हाय ना चाचा?" थोडं थांबून ती उठून गेली.

सरकारी वकील तरणे होते. त्यांनी चाचांना बोलावून समजावलं. फसलो म्हणा, म्हणाले. बाई तशीच दिसत होती, आवाज तसाच होता, मी फसलो. फसणं गुन्हा नाही. पण न बघताच सही केली असं तोंडातून काढू नका, नाहीतर खोटी ओळख दिली म्हणून तुमच्यावरच शेकेल. चाचा म्हणाले, "तशीच दिसत होती, हे मी कसं म्हणू? मला काय माहीत ती कशी दिसते."

साक्षीच्या दिवशी कोर्टाच्या आवारात एस.टी. स्टँडसारखी गर्दी होती. अख्खा तालुका चाचांना बघायला आला होता. चाचा शेरवानी इस्त्री करून आले. छत्री बाहेर ठेवायला लावली, तर हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळेना.

मॅजिस्ट्रेटनी दोघी बायकांना पुढं उभं केलं आणि पदर मागं घ्यायला सांगितलं. आईनं इतक्या पुरुषांत पदर मागं कधी घेतला नव्हता. तिला नाव विचारलं, तिनं सांगितलं. नवऱ्याचं नाव विचारलं. आमच्याकडं बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, घेतलं तर उखाण्यात. साहेबांनी परत विचारलं. तेव्हा तिनं माझ्या वडिलांचं नाव घेतलं, सरळ, त्यांच्या बापाच्या नावासकट. दुसरी बाई जमिनीकडं बघत होती. तिच्या हातालाही आईसारख्याच चिंध्या होत्या.

"दस्ताच्या दिवशी तुम्ही ओळख दिलेली बाई यांपैकी कोणती, नीट बघून सांगा," साहेब म्हणाले.

चाचा सवयीनं भिंतीकडं वळले. बेलिफानं त्यांचा खांदा धरून परत वळवलं. तेव्हा त्यांनी मान वर केली आणि बघितलं. आधी एकीकडं, मग दुसरीकडं. आई माझ्यासाठी भाकरी घेऊन किती वर्षं त्यांच्या पायरीवर येत होती. तिच्याकडंही ते तसेच बघत होते, रस्त्यावरच्या अनोळखी माणसाकडं बघावं तसे.

"साहेब, मी या दोघींपैकी कुणालाच ओळखत न्हाय."

चुलत्याचा वकील ताडकन उठला. "मग सही कशी केलीत?"

"पाणी पिलो होतो."

"म्हणजे न बघता सही केलीत. साहेबासमोर खोटं सांगितलंत."

"हौ. बघितलं नव्हतं. ओळखतो म्हणालो. खोटं सांगितलं. लिहून घ्या माझ्यावर गुन्हा." आणि त्यांनी दोन्ही मनगटं पुढं केली, बेड्या तिथंच मिळतील अशी. कुणी हसलं नाही.

तेव्हा ती दुसरी बाई बोलली. तिला कुणी विचारलं नव्हतं. "म्हाताऱ्याला काय करू नगा साहेब. त्यानं मला बघितलंच न्हाय. ह्यानं मला शिकवलं, पाण्याचं इचारतील, जर्मनच्या पेल्यात म्हणून सांग. म्या म्हणाले." आणि तिनं चुलत्याकडं बोट केलं. चुलता हसायला गेला, पण ह्यावेळी समोरचं कुणी हसलं नाही.

चुलत्याला शिक्षा झाली. बाईलाही झाली, ती याहून कमी व्हायला पाहिजे होती असं आई निकालानंतर म्हणत राहिली. "माझ्याच गत हाय ती. तिला कुणी इचारलं आसतं तर तिनं खडीच फोडली आसती." चाचांवर साहेबांनी काही केलं नाही. निकालात त्यांनी लिहिलं की साक्षीदारानं निष्काळजीपणा केला, पण हेतू नव्हता, म्हणून गुन्हा होत नाही. सरकारी वकिलांनी ते चाचांना वाचून दाखवलं आणि हात मिळवायला पुढं केला. चाचा म्हणाले, "म्हणजे मला सजा न्हाय?" न्हाय, म्हणाले. चाचांचा चेहरा उतरला. मी तेव्हा शेजारीच उभा होतो. सुटल्यावर असा चेहरा झालेला माणूस मी दुसरा बघितला नाही.

रजिस्ट्री हापिसाच्या चिंचेखाली ते परत बसले नाहीत. झाडाखालच्या इतरांचा धंदा तसाच चालू राहिला, उलट जरा वाढला. चाचा घराच्या आतल्या खोलीत बसून राहायचे. दस्तावाली माणसं जुन्या सवयीनं यायची, पाणी प्यायला या म्हणायची. चाचा म्हणायचे, "न्हाय बाबा. मी कुणालाच ओळखत न्हाय." पुढं पुढं ते सगळ्यांनाच तसं म्हणायला लागले. शेजाऱ्याला, दूधवाल्याला. डोकं फिरलं म्हणायचे लोक. मला तसं वाटलं नाही. त्यांनी तो शब्दच टाकून दिला होता.

मी बी.ए. झालो त्या उन्हाळ्यात पेढे घेऊन आईबरोबर गेलो. मी आत गेलो, आई ओट्यावर थांबली. त्यांनी पेढा हातात घेतला, खाल्ला नाही. मी वाकून पाया पडलो. म्हणालो, चाचा, मी पास झालो. सेकंड क्लास मिळाला. आमच्या वस्तीतला पहिला.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. डोळे स्वच्छ होते. मग शांतपणे विचारलं, "कौन?"

मी नाव सांगितलं. गाव सांगितलं. पत्र्याची खोली सांगितली. ते मान हलवत राहिले, ऐकून घेत, जसं एखाद्या माणसाचं म्हणणं ऐकून घ्यायचं पण त्यावर सही करायची नाही. ओट्यावरून आईनं हाक मारली, "चाचा, म्या हाय." त्यांनी तिकडं वळून बघितलं, तोंड फिरवलं नाही, सरळ तिच्या चेहऱ्याकडं बघितलं. आणि म्हणाले, "माफ करो बहन."

त्यानंतर वर्षभरात ते गेले. मी तेव्हा नोकरीच्या मुलाखतीसाठी उस्मानाबादला होतो, मला उशिरा कळलं.

फौजदारीचा निकाल लागल्यावर दिवाणीत दावा चालवावा लागला, तोही आम्ही जिंकलो. दस्त रद्द झाला, चेअरमनची बैलं रानातून बाहेर निघाली, आणि ओढ्याकाठची विहीर असलेली ती जमीन परत माझ्या आईच्या नावावर लागली. ती शेवटपर्यंत तिच्याच नावावर राहिली.